‘कशापैकी?’ : संभाव्यतेच्या शाब्दिक उदाहरणांची भाषा

प्रास्ताविक

शाब्दिक उदाहरण हा गद्याचा एक प्रकार आहे, या दृष्टीने त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. कथा, निबंध, प्रवासवर्णन यांची समीक्षा होते. गणिताच्या पुस्तकात प्रकरणाअखेर येणाऱ्या दोन-तीन ओळींच्या मजकुराची होत नाही. वस्तुतः मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या सक्तीच्या वाचनात या मजकुराचा वाटा मोठा असतो आणि त्यातील एखादे अव्यय नजरेतून निसटले तर सगळे उत्तर बदलते. कवितेच्या रसग्रहणातही इतकी कडक शिक्षा नाही.

प्रस्तुत लेखात संभाव्यता व सांख्यिकी या विषयांतील प्राथमिक उदाहरणांचा भाषेच्या अंगाने विचार केला आहे. राज्य मंडळाच्या २०१८ पासून लागू झालेल्या इयत्ता दहावीच्या ‘गणित भाग १’ या पाठ्यपुस्तकात ही अनुक्रमे पाचवी व सहावी प्रकरणे आहेत. पुढे वाणिज्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा शाखांत त्याच धाटणीची उदाहरणे थोड्याफार फरकाने पुन्हा भेटतात. येथे होणारी चूक बहुधा आकडेमोडीची नसते. विद्यार्थी भागाकार बिनचूक करतो, परंतु भाजक चुकीचा घेतो. भाजक कोणता, हे ठरवणे म्हणजे उदाहरण वाचणे होय. आणि हे वाचन शक्य व्हावे अशा रीतीने उदाहरण लिहिलेले असते काय, हा येथील प्रश्न आहे.

मोजणी झाली, पुढे काय?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) अंकपाश प्रकरणात एक प्रसिद्ध उदाहरण येते. विष्णूच्या चार हातांतील गदा, चक्र, कमळ व शंख यांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे किती भेद होतील, आणि शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची केल्यास किती? उत्तरे २४ आणि ३६,२८,८०० अशी आहेत. संध्येतील केशवादी चोवीस नावे ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना पहिले उत्तर गणित करण्याआधीच ओळखीचे वाटते. या उदाहरणाचा गुण असा की त्यात काहीही लपलेले नाही. हात वेगळे आहेत, आयुधे वेगळी आहेत, एका हाती एकच आयुध आहे. या अटी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत, कारण मूर्तीच त्या सांगते. कल्पनेसमोर वस्तू उभी करणे आणि तिच्यातूनच अटी सुचवणे, ही चांगल्या शाब्दिक उदाहरणाची कसोटी मानता येईल.

भास्कराचार्य मात्र ‘किती’ एवढेच विचारतात. ‘किती संभव’ असे विचारीत नाहीत. हे अंतर दिसते तेवढे लहान नाही. मूर्तीचे चोवीस भेद आहेत, म्हणून एखाद्या देवळात केशवाची मूर्ती आढळण्याची संभाव्यता १/२४ आहे असे म्हणता येणार नाही. मूर्तिकार काही चिठ्ठ्या टाकून आयुधे वाटत नाही. मोजणीला संभाव्यतेचे रूप येण्यासाठी आणखी एक विधान लागते : मोजलेले सर्व प्रकार सारख्याच सहजतेने घडतात. पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत, निष्पत्ती समसंभाव्य असाव्या लागतात.

हे विधान किती निसरडे आहे याचा दाखला खुद्द दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावर आहे. १७५४ साली ‘एन्सायक्लोपेदी’त छापा-काट्यावर लिहिताना त्याने असा युक्तिवाद केला की, नाणे दोनदा फेकून निदान एकदा छापा मिळवायचा असेल तर तीनच शक्यता उरतात. पहिल्याच फेकीत छापा (मग दुसरी फेक अनावश्यक), पहिल्यांदा काटा व मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. तिन्हींपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३. खरे उत्तर ३/४ आहे. पहिली शक्यता इतर दोहोंच्या दुप्पट वजनाची आहे, हे त्याच्या मोजणीत आले नाही. दहावीच्या वर्गात ‘दोन नाणी एकाच वेळी फेकली’ या वाक्यावर जी चूक होते ती याच जातीची असते. दोन छापे, दोन काटे, एक छापा व एक काटा अशा तीन निष्पत्ती मानून विद्यार्थी दोन छाप्यांची संभाव्यता १/३ काढतो. त्याला अज्ञानी म्हणण्यापूर्वी वाक्य पुन्हा वाचावे. ‘दोन नाणी एकाच वेळी’ या शब्दांनी नाण्यांचे वेगळेपण पुसून टाकले आहे. ‘एक रुपयाचे व एक दोन रुपयांचे अशी दोन नाणी’ एवढे लिहिले असते तर रुपयावर छापा व दोन रुपयांवर काटा, आणि त्याच्या उलट, या दोन निराळ्या घटना आहेत हे उदाहरणानेच सांगितले असते.

फाशांबाबत हाच घोटाळा गॅलिलिओला सोडवावा लागला होता. तीन फाशांची बेरीज ९ आणि १० या दोन्ही सहा-सहा प्रकारच्या आकड्यांनी होते. तरीही खेळणाऱ्यांच्या अनुभवास १० अधिक वेळा येत असे. फासे वेगळे मानून मोजल्यास २१६ पैकी २५ वेळा ९ आणि २७ वेळा १० येतात. २१६ मध्ये दोनाचा फरक जुगाऱ्यांच्या लक्षात आला, याचे आश्चर्य वाटते. तो पोटाचा प्रश्न होता, एवढेच म्हणता येईल.

उत्तरपत्रिकेची रूढ मांडणी पाहिली तर तिच्यात नमुना अवकाश, त्यातील घटकांची संख्या, घटना, तिच्या घटकांची संख्या आणि शेवटी भागाकार अशा ठरावीक ओळी असतात. ‘या निष्पत्ती समसंभाव्य का मानल्या’ यासाठी ओळ नसते. ज्या निर्णयावर सारे उत्तर उभे आहे, तोच उत्तरात अनुपस्थित राहतो.

‘दोन मुले’

भाषेचा प्रश्न सर्वांत उघडपणे दिसतो तो मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात दिलेल्या एका कोड्यात. मराठीत ते साधारणपणे असे सांगितले जाते : ‘एका गृहस्थांना दोन मुले आहेत. त्यांपैकी एक मुलगा आहे. दुसराही मुलगा असण्याची संभाव्यता काढा.’

या तीन वाक्यांत तीन अडचणी आहेत आणि त्यांतील दोन खास मराठीच्या आहेत. पहिली, ‘मुले’ हा शब्द. तो ‘मूल’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन आहे. पण ‘वर्गात ३० मुले व २५ मुली आहेत’ असे लिहिताना तोच शब्द ‘मुलगे’ या अर्थाने वापरला जातो आणि पाठ्यपुस्तकी भाषाही त्याला अपवाद नाही. ज्या विद्यार्थ्याने मागच्या पानावर ‘मुले’ म्हणजे ‘मुलगे’ असे वाचले, त्याच्या दृष्टीने या गृहस्थांना दोन मुलगेच आहेत आणि उदाहरण तेथेच संपते. दुसरी अडचण ‘दुसराही’ या शब्दाची. व्याकरणाने पुल्लिंग वापरून उत्तर आधीच फोडले आहे. येथे ‘दुसरे मूलही’ असे हवे. तिसरी ‘एक’ या शब्दाची. ‘एक मुलगा आहे’ याचा अर्थ मराठी बोलणारा माणूस सामान्यतः ‘एकच मुलगा आहे’ असा घेतो. कोणी ‘मला एक मुलगा आहे’ असे म्हणून मागाहून दुसऱ्या मुलाची ओळख करून दिली तर ऐकणाऱ्यास फसवल्यासारखे वाटेल. या अर्थाने उत्तर शून्य येते. उदाहरणकाराच्या मनात मात्र ‘निदान एक मुलगा आहे’ असे असते.

‘निदान एक’ असे लिहिल्यावरही काम पुरे होत नाही. मुलगा व मुलगी समसंभाव्य मानून अशी ४०० कुटुंबे डोळ्यांपुढे आणावीत. सुमारे १०० कुटुंबांत दोन्ही मुलगे, २०० कुटुंबांत एक मुलगा व एक मुलगी, १०० कुटुंबांत दोन्ही मुली असतील. ‘निदान एक मुलगा असलेल्या पालकांनी हात वर करावेत’ असे म्हटले तर ३०० हात वर होतील आणि त्यांपैकी १०० पालकांना दोन मुलगे असतील, उत्तर १/३. पण हे गृहस्थ आपल्या दोहोंपैकी कोणत्याही एका मुलास बरोबर घेऊन बाजारात आले आणि तो मुलगा होता, म्हणून ही माहिती मिळाली असेल तर? पहिल्या १०० कुटुंबांत बरोबर मुलगा असणारच. मधल्या २०० पैकी सुमारे १०० जणांबरोबर मुलगा दिसेल. म्हणजे २०० पैकी १००, उत्तर १/२. माहिती तीच, पण ती कळण्याची रीत वेगळी, म्हणून भाजक वेगळा. आपल्या शब्दरचनेत ही संदिग्धता राहिली होती हे गार्डनर यांनी पुढे स्वतःच मान्य केले. सदरलेखकाने असा कबुलीजबाब देणे हा या प्रकाराच्या इतिहासातील एक चांगला प्रसंग म्हणावा लागेल. उत्तरसूचीत असा कबुलीजबाब सहसा आढळत नाही.

येथे आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. ‘मुलगा व मुलगी समसंभाव्य माना’ हे गृहीत गणितापुरते निरुपद्रवी आहे. महाराष्ट्रात ते तसे नाही. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती आणि २०११ मध्ये ती ९०० च्याही खाली गेली. पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या वेळी काय होते, हे नाण्याच्या दुसऱ्या फेकीप्रमाणे पहिलीपासून स्वतंत्र राहिलेले नाही. वर्गात हे उदाहरण देणाऱ्या शिक्षकाने गृहीत सांगावे आणि ते गृहीत आहे हेही सांगावे.

किंवा, आणि, तरी

मार्गदर्शक पुस्तकांतून पसरलेला एक ठोकताळा असा : ‘किंवा’ दिसले की बेरीज, ‘आणि’ दिसले की गुणाकार. पहिला ठोकताळा ‘राजा किंवा बदामाचा पत्ता’ या उदाहरणातच मोडतो. ४ व १३ मिळून १७ होत नाहीत. बदामचा राजा दोनदा मोजला गेल्याने १६ होतात आणि उत्तर ४/१३ येते. ‘चहा किंवा कॉफी’ यातील ‘किंवा’ दोन्ही घेऊ देत नाही, पत्त्यांतील ‘किंवा’ घेऊ देते. हा फरक कोठेतरी उघडपणे शिकवला पाहिजे. ‘आणि’ची गोष्ट अधिक विचित्र आहे. ‘मुली आणि खेळाडू यांनी पुढे यावे’ असे मैदानावर सांगितले तर सर्व मुली येतील व सर्व खेळाडूही येतील. केवळ खेळाडू मुली येणार नाहीत. मैदानावर ‘आणि’ने संयोग होतो आणि वर्गात त्याच ‘आणि’चा अर्थ छेद असा शिकवला जातो. ‘जो पत्ता लाल आहे व शिवाय राजाही आहे’ असे लिहिण्यास चार शब्द जास्त लागतात, इतकेच.

‘तरी’बाबत मात्र मराठी उदार आहे. ‘एक तरी छापा’ याचा नकार ‘एकही छापा नाही’ असा बोलीतच तयार असतो. तीन नाण्यांत एकही छापा नसण्याची संभाव्यता १/८, म्हणून एक तरी असण्याची ७/८. पूरक घटनेचा नियम येथे भाषेतूनच हाती येतो, पण ‘कमीत कमी एक’ अशी भाषांतरित रचना रूढ झाल्याने ही सोय वाया जाते.

मध्य, मध्यक आणि सरासरी

सांख्यिकीकडे वळल्यावर पहिली अडचण परिभाषेची येते. पाठ्यपुस्तकात सर्व संख्यांच्या बेरजेस त्यांच्या संख्येने भागून येते तो ‘मध्य’, आणि चढत्या क्रमातील मधली संख्या तो ‘मध्यक’. व्यवहारात ‘मध्य’ म्हणजे मधोमध. अर्थात परिभाषेतील ‘मध्यक’. पाच जणांचे मासिक वेतन ८, ९, १०, ११ व ६२ हजार रुपये असेल तर मध्य २० हजार आणि मध्यक १० हजार होतो. पाचांपैकी चौघांच्या वेतनापेक्षा जवळजवळ दुप्पट असलेल्या आकड्यास ‘मध्य’ म्हणावयाचे, आणि खऱ्या मधल्या आकड्यास एक ‘क’ जोडून वेगळे करावयाचे, ही निवड विद्यार्थ्यावर अन्याय करणारी आहे. ‘सरासरी’ हा सर्वांच्या तोंडी असलेला शब्द उपलब्ध होता. तोही निर्दोष नाही, कारण ‘सरासरी पन्नास माणसे जमली होती’ यात त्याचा अर्थ ‘अंदाजे’ एवढाच असतो. तथापि तो निदान उलट दिशेने नेत नाही.

दुसरी अडचण अशी की उदाहरणातील सामग्रीला मालक नसतो. ‘खालील सारणीत ५० कामगारांचे वेतन दिले आहे’ : कोणते कामगार, कोणी विचारले, याचा पत्ता नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दा. ध. कोसंबी यांनी आहत नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकीय अभ्यास केला तेव्हा प्रत्येक आकड्यामागे तराजूत ठेवलेले एक झिजलेले नाणे होते. पाठ्यपुस्तकातील सारणीमागे असे काही असावे ही अपेक्षा अवास्तव नाही.

सामग्रीच्या गटांचा विसर पडला की काय होते, हे एका साध्या उदाहरणात दिसते. ४० विद्यार्थ्यांच्या तुकडीचे सरासरी गुण ६० आणि २० विद्यार्थ्यांच्या तुकडीचे ४५ असतील तर एकत्रित सरासरी ५२.५ नसून ५५ येते. अशाच विसराचे मोठे रूप १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पदव्युत्तर प्रवेशांत दिसले. अर्ज करणाऱ्या ८,४४२ पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि ४,३२१ स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. आकडे पक्षपाताकडे बोट दाखवीत होते. बिकेल, हॅमेल व ओकॉनेल यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विभागवार छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध तसा कल आढळला नाही. स्त्रियांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर अशा विभागांकडे गेले होते, जेथे प्रवेश सर्वांनाच दुर्मीळ होता. टक्केवारी बरोबर होती. ‘सर्व अर्जदारांपैकी’ आणि ‘त्या-त्या विभागातील अर्जदारांपैकी’ हे दोन निराळे प्रश्न होते.

‘पैकी’

वरील बहुतेक सर्व उदाहरणांत एकच लहानसे शब्दयोगी अव्यय निर्णायक ठरते. ‘पैकी’च्या मागे जो समूह येतो तो भाजक, आणि पुढे जो येतो तो भाज्य. ‘मुलींपैकी चष्मा लावणाऱ्या’ आणि ‘चष्मा लावणाऱ्यांपैकी मुली’ यांची गल्लत मराठी ऐकणाऱ्यास सहसा होत नाही. सशर्त संभाव्यतेचे तत्त्व या अव्ययात घराघरांत वापरात आहे. असे असूनही उदाहरणकार ‘शेकडा’ व ‘टक्के’ लिहून थांबतात; कशाचे टक्के, हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे.

याचे परिणाम परीक्षेपुरते राहत नाहीत. १९७८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅसेल्स, शोनबर्गर व ग्रेबॉइज यांनी एक छोटी पाहणी प्रसिद्ध केली. हार्वर्डशी संबंधित ६० डॉक्टर व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना विचारण्यात आले : एक आजार हजारांत एकास होतो, तपासणीत चुकीने ‘आजार आहे’ असे येण्याचे प्रमाण ५ टक्के आहे, एखाद्या व्यक्तीची तपासणी होकारार्थी आली, तर तिला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? २७ जणांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. सुमारे २ टक्के हे अपेक्षित उत्तर केवळ ११ जणांनी दिले. उत्तरदात्यांची चूक उघड आहे. पण ५ टक्के कोणापैकी, हे प्रश्नात स्पष्ट नव्हते, तिकडे कमी लक्ष गेले. निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्के, की होकारार्थी आलेल्यांपैकी ५ टक्के? दुसरा अर्थ घेतला तर ९५ हे उत्तर बरोबरच ठरते. कॉस्मिडीस व टूबी यांनी १९९६ मध्ये हाच प्रश्न टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत मांडून विचारला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. गिगरेन्झर व हॉफ्राग यांनीही १९९५ मध्ये अशाच मांडणीचा पुरस्कार केला होता. मराठीस ती परकी नाही. ‘दहांत एखादा’, ‘हजारांत एक’ हे तिचे जुनेच चलन आहे.

वरील प्रश्न मराठीत पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘एका गावात १००० माणसे आहेत. त्यांपैकी एकास एक आजार आहे, बाकीचे ९९९ जण निरोगी आहेत. सर्वांची तपासणी केली. आजारी माणसाची तपासणी होकारार्थी आली. निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांचीही चुकून होकारार्थी आली. होकारार्थी आलेल्यांपैकी आजारी किती?’ ५१ पैकी १, हे उत्तर आठवीतील विद्यार्थीही देईल. या आवृत्तीस प्रश्नपत्रिकेत तीन ओळी जास्त लागतात आणि कोणतेही सूत्र लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या नेहमीच्या हिशेबाने ती ‘फार सोपी’ ठरून चार गुणांऐवजी एका गुणाच्या प्रश्नांत ढकलली जाण्याची शक्यता बरीच आहे.